शेवटच्या थांब्यावर अकरा मिनिटं

बसचा नंबर तेवीस असला म्हणून तिच्या आधी बावीस बसेस असतात असं नाही. मधले सहा नंबर केव्हाच बंद पडले. ते कुठे जायचे, हे आता कोणालाच धड आठवत नाही.

ओली चादर कोरड्या चादरीच्या दुपटीहून जड असते.

पट्टी लाकडाची, फूटभर. सतरा सेंटिमीटरच्या खुणेपाशी दातांचे ठसे. कोणाचे, हे विचारायची ऑफिसात कोणाची टाप नव्हती.

निवृत्त माणसं सकाळी साडेदहाला बागेत असतात. कामावर जाणाऱ्याला हे कळायचं काही कारण नाही. तिला ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं, आणि आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या घरात शिरलो की काय असं झालं.

सात मिनिटांत अंडं उकडतं. बलक मधोमध जरासा ओला राहतो.

"नोकरी गेली की लोक डोंगर बघायला जातात, समुद्र बघायला जातात," आई म्हणाली. "आमचं रत्न बस बघायला जातं."

"बसा, बसा. इथे अकरा मिनिटं आहेत," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याने इंजिन बंद केलं.

तिचा एक पाय पायरीवर होता, दुसरा अजून बसमध्ये. चार, ती म्हणणार होती. ओठांवर आलेला तो आकडा तिने गिळला, तर तो घशात गोळीसारखा अडकून बसला. चार. तेवीस नंबर, एका बाजूची धाव छत्तीस मिनिटं, शेवटच्या थांब्यावर विसावा चार. हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. शहराच्या बस-ऑफिसात तीन वर्षं तिने वेळापत्रकंच तर टाइप केली होती. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्याला ते लोक विसावा म्हणायचे. बस शेवटच्या थांब्यावर पोहोचली की परत फिरण्याआधी तिने किती मिनिटं उभं राहायचं, तो आकडा. ड्रायव्हरने मोकळं होऊन यावं, घोटभर पाणी प्यावं, रस्त्यात झालेला उशीर तिथेच झटकून टाकावा, एवढ्यासाठी. सगळ्या शहराला चार. एकट्या चोवीस नंबरला अकरा, कारण ती मोठ्या दवाखान्याकडे जायची आणि तिथे चाकांच्या खुर्च्या वर चढवाव्या लागायच्या. पाढे पाठ असतात तसं हे तिला पाठ होतं. आणि आता हा दांडगा, पांढऱ्या भुवयांचा माणूस तिला सांगत होता की बे दुणे अकरा. त्याने थर्मास उघडला. थर्मासच्या झाकणात चहा ओतला. इंजिन बंद पडल्यावर बसच्या पत्र्यातून टक्, टक् असा तापलेला धातू निवण्याचा आवाज येऊ लागला, आणि त्या आवाजाच्या तालावर तिला हळूहळू सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वीचा शुक्रवार. पट्टीवाल्या बाईंचा फोन वाजतोय, बाई उठून खिडकीशी जातायत. तेवीस आणि चोवीस, या दोनच ओळी तिने पट्टीशिवाय टाइप केल्या. खालच्या ओळीतले अकरा डोळ्यांनी उचलले आणि बोटांनी वरच्या ओळीतही ठेवून दिले. बोटांना काय, आकडा तो आकडा.

पट्टीवाल्या बाई म्हणजे तिच्या वरिष्ठ. नाव अर्थातच होतं, पण ते फक्त हजेरीच्या यादीत. ऑफिसात सगळे पट्टीवाल्या बाईच म्हणायचे, आणि त्यांना ते माहीत होतं. कामाची रीत अशी: बाई कागदावर पट्टी ठेवणार, पट्टीच्या वरची ओळ मोठ्यांदा वाचणार, हिने टाइप करायचं, मग पट्टी एक ओळ खाली. "तेवीस. धाव छत्तीस. विसावा चार. घेतलं? पुढे." पोथी वाचावी तसा आवाज. दुपारी तीननंतर त्या आवाजाने झोप यायची, आणि डुलकी लागली की पट्टी टेबलावर सटकन आपटायची. "काय गं, सेकंदकाट्या, दमलास?" खुर्चीत तिची चुळबुळ चालायची म्हणून बाईंनीच ते नाव ठेवलं होतं. टाइप झालेलं पान बाईंकडे जायचं, बाई पुन्हा पट्टी लावून ते ओळीओळीने तपासायच्या आणि त्याच संध्याकाळी सही करून छापायला द्यायच्या. बाईंच्या हातून चूक सुटली असं कधी घडलं नव्हतं. एकदा त्यांनी चौतिसाव्या पानावरचा एक फालतू ठिपका शोधून काढला होता. तो शाईचा नव्हता, माशीचा निघाला. ते तेवीसचं पान मात्र त्यांनी सोमवारपर्यंत ठेवून घेतलं होतं. का, कोण जाणे. तिने विचारलं नाही. सोमवारी सही होऊन पान गेलं. तिला वाटलं, संपलं.

आणि ते संपलं नव्हतं तर. दोन वर्षं, रोज, सकाळपासून रात्रीपर्यंत दर फेरीला, शहराच्या या टोकाला एक बस सात मिनिटं जास्तीची उभी राहत होती, तिच्या बोटांमुळे. तिने मनातल्या मनात गुणाकार करून पाहिला आणि अर्ध्यात सोडला. आकडा दिवसांमध्ये जायला लागला होता. इतके दिवस कोणी काहीच न करता नुसतं उभं होतं आणि ते कोणाला टोचलंसुद्धा नाही! पायऱ्या उतरून ती बाहेर आली. पाण्याची टाकी. टाकीखाली बाक. बाकाशेजारी तेलाच्या जुन्या डब्यात एक रोपटं, त्याला ड्रायव्हर बाटलीतलं उरलेलं पाणी घालत होता. पलीकडे एक लांबलचक, बुटकी इमारत, तिच्या धुराड्यातून धूर नाही, वाफ. साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास. वेळापत्रकात या जागेला तिने शेकडो वेळा 'टाकी' असं टाइप केलं होतं आणि टाकी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे कधी टाकी आली नव्हती. टाकी म्हणजे एक शब्द, त्याच्यापुढे आकडा. सगळं शहर तिला असंच माहीत होतं: जुना पूल ते गोदामं तीन मिनिटं, गोदामं ते शाळा दोन, शाळा ते टाकी पाच. घर ऑफिसपासून चालत बारा मिनिटांवर, त्यामुळे बसमध्ये बसायची वेळच यायची नाही. स्वयंपाक्याने जन्मभर पाककृती लिहाव्यात आणि चमचा जिभेला लावू नये, तशातला प्रकार.

म्हणून तर ऑफिस बंद झाल्यावर ती बसने फिरू लागली होती. वेळापत्रकांचं सगळं काम एका नव्या कंपनीकडे गेलं, कंपनीकडे म्हणजे कंपनीच्या यंत्राकडे. बाई त्याच्या महिनाभर आधी रिटायर झाल्या, सुटल्या. बाकीच्या नऊ जणांना एका सकाळी सभागृहात बोलावून सांगण्यात आलं, आणि सांगणाऱ्याला इतकं वाईट वाटत होतं की शेवटी सगळ्यांनी मिळून त्याचंच सांत्वन केलं. पहिल्या महिन्यात तिने अर्ज केले. दुसऱ्या महिन्यात अर्ज करता करता ती खिडकीबाहेर बघू लागली. सगळे सांगायचे, आता जरा फिरून ये कुठेतरी, अशी वेळ पुन्हा नाही मिळायची. दादा दुसऱ्या शहरातून फोन करून म्हणायचा, इकडे ये चार दिवस, डोकं ताजं होईल. जणू डोकं म्हणजे भाजी. कुठेतरी म्हणजे कुठे, हे तिला सुचायचं नाही. तिने एकदा मोठ्या हुरुपाने नकाशा उघडला, आणि त्याच्यावर जिथे जिथे बोट ठेवावं तिथे तिथे लोक कामावर निघालेले दिसायला लागले. तिथेही कोणीतरी कोणाचं तरी वेळापत्रक टाइप करत असणार. मग एक दिवस ती चपला घालून निघाली आणि पहिल्या आलेल्या बसमध्ये चढली. शेवटपर्यंत जायचं, परत यायचं. एक नंबर, दोन नंबर, चार नंबर. आपण टाइप केलेल्या मिनिटांच्या आतून जायचं. तीन मिनिटांत केवढं मावतं! जुन्या पुलापासून गोदामांपर्यंतच्या तीन मिनिटांत एक माणूस रोज गच्चीवर उशा वाळत घालतो, एका भिंतीवरचा हिरवा रंग सोलून त्याखालचा निळा दिसतो, आणि दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी, कुठूनसा, भाजलेल्या पावाचा वास.

तरी मधूनच धीर सुटायचा. विशेषतः सकाळी, बागेत. बाकावर बसलेल्या आजोबांपैकी एकाने, ज्याला बाकीचे कर्नल म्हणायचे आणि जो आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात होता, त्याने तिला विचारलं होतं, "काय, एवढ्यात रिटायर?" सगळे हसले, तीही हसली. घरी येईपर्यंत ते हसू काट्यासारखं पायात मोडलं. कारण खरं सांगायचं तर तिला ते बाक आवडायला लागलं होतं. निवृत्ती म्हणजे काय याचा तिने या वयात विचार करायचं कारण नव्हतं, पण विचार काय, तो विचारून येतो थोडाच. तिला वाटायचं, माणसाला जगायला एवढा मोठा रस्ता दिलाय आणि विसावा सगळाच्या सगळा शेवटच्या थांब्यावर ठेवलाय. तिथे पोहोचेपर्यंत गुडघे जातात. तिथे पोहोचल्यावर माणूस पहिली गोष्ट काय करतो, तर घड्याळ बघतो. आणि मग अशी सुटी मिनिटं, मधेच कोणीतरी सांडलेली, ती वापरायची कशी हे त्याला शिकवलेलंच नसतं. तिलाही नव्हतं. सकाळी बागेत बसताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

मंगळवारी नव्या कंपनीकडून पत्र आलं. तिचा अर्ज त्यांनी वाचला होता. जुन्या ऑफिसातलं माणूस म्हणून त्यांना तिच्यात रस होता. जागा एकच, उमेदवार चार. प्रत्येकाला दहा मार्ग पाठवतोय. त्यांतली वाया जाणारी मिनिटं शोधून कारणांसह शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावीत. यंत्राने काही जागा आधीच पिवळ्या केल्या आहेत, त्या तपासाव्यात. तिने तक्ता उघडला. सातव्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, अंड्याच्या बलकासारखा पिवळाधम्मक चौकोन आणि त्यात अकरा.

"काय झालं गं? चेहरा का असा?" आईने विचारलं. आई दारात ओले हात पुसत उभी होती.

"काही नाही. परीक्षा आहे."

"मग अभ्यास कर. बसने नको फिरू."

"बसचाच अभ्यास आहे."

"धन्य आहे," आई म्हणाली. पण जाता जाता थांबली. "नोकरी आहे ना नक्की? का पुन्हा नुसतंच?"

या 'नुसतंच'मध्ये सहा महिने होते. आई कधी बोलून दाखवायची नाही, पण हल्ली शेजारीण दारावर आली की ती मुलीचा विषय निघायच्या आत गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून आत पळायची. तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आहे. मिळाली तर आहे." उत्तर किती सोपं होतं! सात मिनिटं कमी करावीत, एवढं लिहायचं. खोटं नव्हतंच ते. चूक होती ती चूकच होती, दुरुस्त होईल, आणि कोणाची होती हे कधीच कोणाला कळणार नाही. यंत्र खूष, कंपनी खूष, आई खूष. मग गळ्यात ते गोळीसारखं काय अडकलं होतं?

बुधवारी ती पुन्हा तेवीसमध्ये बसली. बस तीन वाजून आठ मिनिटांनी टाकीपाशी पोहोचली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आरशात तिला पाहिलं आणि न विचारता दुसऱ्या झाकणात चहा ओतला. त्याच्याकडे दुसरं झाकण होतं. कोणासाठी, कोण जाणे.

"काका, इथे पहिल्यापासून अकराच मिनिटं आहेत?"

"छे हो. चार होती. चार म्हणजे काय, मोकळं होऊन येईपर्यंत खल्लास. दोन वर्षं झाली असतील बघा, डेपोत नवीन कागद लागला, बघतो तर अकरा! म्हटलं, छापायची चूक."

चहाचा तिच्या टाळूला चटका बसला. "मग? सांगितलं नाहीत कोणाला?"

"मी कशाला सांगतोय!" त्याने भुवया उडवल्या. "देव देतो तेव्हा पावती मागू नये." मग तो उतरून बाकापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा गेला, परत आला. गुडघ्यांसाठी, म्हणाला. त्याला रिटायर व्हायला आठ महिने होते. "सगळे विचारतात, पुढे काय करणार. मी सांगतो, बसने फिरणार. मागच्या सीटवर बसून. पस्तीस वर्षं नुसतं समोर बघितलंय हो. बाजूला काय होतं ते राहिलंय बघायचं."

"उशा वाळत घालणारा माणूस आहे एक," ती म्हणाली. "पुलाच्या पुढे."

"काय सांगता!" त्याला खरंच आनंद झाला. "आहे का? मला वाटायचंच, तिथे काहीतरी पांढरं असतं."

तीन पंधराला भोंगा झाला. बुटक्या इमारतीचं दार उघडलं आणि बायका बाहेर पडल्या, सात-आठ. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुण्याचा तो कारखाना होता. चादरींना सुट्टी नसते, त्यामुळे आठवड्याचे सातही दिवस चालायचा. बायका चालत येत होत्या. हे तिने नंतर पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं: एकही पळत नव्हती. एकीने तर मधे थांबून चपलेतला खडा काढला. चढताना त्यांच्या हातांकडे तिचं लक्ष गेलं, बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली, खूप वेळ पोहल्यासारखी. बस एका क्षणात आवाजाने भरली.

"काय काका, आज पाहुण्या?" मोठ्या आवाजाची एक म्हणाली. बाकीच्या तिला लाऊडस्पीकर म्हणत होत्या.

"उतरून कुठे जात नाहीत. येतात, बसतात, परत जातात."

"इन्स्पेक्टर असणार."

"इन्स्पेक्टर कसली, चपला बघ तिच्या. झिजल्यात."

हशा झाला. तीही हसली, आणि धीर करून तिने विचारलं, ही बस रोज मिळते का.

"आता मिळते. पूर्वी? पूर्वी आमच्या नाकासमोरून जायची. आम्ही दारातून बाहेर, ही वळणावर. मग बसा चाळीस मिनिटं त्या टाकीखाली. मी तर एकदा चप्पल फेकून मारली होती."

"लागली होती," ड्रायव्हर पुढून म्हणाला. "मागच्या काचेला."

"मग थांबायचं ना!"

"थांबलो असतो तर पुढच्या थांब्यावरच्यांनी दुसरी मारली असती. जोड पूर्ण झाला असता माझा."

लाऊडस्पीकर हसली आणि मग तिचा आवाज एकाएकी खाली आला, एवढा खाली येऊ शकतो असं वाटलं नव्हतं. "माझी पोरगी शाळेच्या पायरीवर बसून राहायची हो. सगळी पोरं गेली तरी. शिपाई झाडू मारायचा तिच्या पायांभोवती. आता ती शेवटची नसते." ती खिडकीबाहेर बघायला लागली. "कोणी बदललं असेल ते बदललं असेल, पण इथे येऊन बघून गेलेलं माणूस आहे ते. नाहीतर वर बसणाऱ्याला काय कळतंय, आमची पाळी किती वाजता सुटते."

बस तीन एकोणीसला सुटली. मी, असं तिला म्हणायचं होतं. ओरडून म्हणायचं होतं. आणि त्याच वेळी सीटखाली जाऊन बसावंसंही वाटत होतं, कारण ती कुठे आली होती? तिने काय पाहिलं होतं? कोणाची तरी दुवा दुसऱ्याच्या पत्त्याऐवजी तिच्या घरी येऊन पडली होती, दोन वर्षं, आणि तिने पाकीट फोडलंसुद्धा नव्हतं. परतीच्या छत्तीस मिनिटांत बायका एक एक करून उतरत गेल्या. शाळेच्या थांब्यावर लाऊडस्पीकर उतरली. पायरीवर तीन मुलं होती, त्यांतली एक उठली. बाकीची दोघं बसून राहिली.

गुरुवारी ती पट्टीवाल्या बाईंकडे गेली. तिसरा मजला, उघडी खिडकी, आणि खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत अडकवलेली ती पट्टी. सतरा सेंटिमीटरपर्यंत आत. बाई बारीक झाल्या होत्या की घरातल्या कपड्यांत तशा दिसत होत्या, कळेना.

"काय गं, सेकंदकाट्या. अजून फिरतोस का गोल गोल?"

"बाई, तुम्ही प्रवासाला जाणार होतात ना? टेबलाच्या खणात चित्रं होती तुमच्या."

"गेले की. एक डोंगर बघून आले. डोंगरच होता." बाईंनी खाकरून घसा साफ केला. "माझी गंमत सांगू का, कोणाला सांगणार नसशील तर? पहिला महिनाभर मी रोज संध्याकाळी सहाला जिना उतरून खाली जायची, कोपऱ्यापर्यंत, आणि परत वर यायची. कुलूप उघडायची. घरी आल्यासारखं वाटावं म्हणून. नाहीतर दिवस संपायचाच नाही मेला."

"आणि आता?"

"आता दुपारी झोपते. पहिल्यांदा गुन्हा केल्यासारखं वाटायचं. आता घोरते म्हणतात शेजारचे."

तिला वाटलं, हीच वेळ. तिने सगळं सांगितलं, फोन, दोन ओळी, अकरा, पिवळा चौकोन, चप्पल, शाळेची पायरी. बाई खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. "कुठला तेवीस? टाकीकडचा?" एवढंच मधे विचारलं.

"बाई, तुम्ही ठिपकासुद्धा सोडायचा नाहीत. मग हे कसं सुटलं?"

"डोळे, दुसरं काय. वय झालं होतं." मग खिडकीकडेच बघत, "ती बघ, नऊ नंबर चालली पुलावरून. आज दोन मिनिटं उशीर आहे." तिने पाहिलं. दूर, छपरांच्या पलीकडे, पुलावरून काडेपेटीएवढी एक बस सरकत होती. तिला नंबर काही दिसला नाही.

"मी काय लिहू?"

"मला काय विचारतेस, मी रिटायर्ड बाई." बाई उठल्या आणि खिडकीतली पट्टी उगाच नीट केली. "तू जाऊन आलीस ना तिथे? मग तुला माहीत. न गेलेल्या माणसाला कशाला विचारतेस?"

शुक्रवारी दुपारी ती टेबलाशी बसली. नऊ मार्गांचं काम तासाभरात झालं. सहा ठिकाणी मिनिटं खरंच सांडत होती, ती तिने उचलली. तीन ठिकाणी यंत्राचं चुकलं होतं. सातव्या ओळीपुढे तिने लिहिलं: सात मिनिटं कमी करता येतील. वाचून पाहिलं. वाक्य स्वच्छ होतं, इस्त्री केलेलं. तिने ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. स्वयंपाकघरातून आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता, म्हणजे आई काही करत नव्हती, नुसती उभी राहून कानोसा घेत होती. तिला आईची माया आली, आणि बागेतल्या बाकाची, आणि त्या दोन मुलांची, जी पायरीवर बसून राहिली होती आणि ज्यांच्या आया दुसऱ्या कुठल्यातरी बसमध्ये असणार, दुसऱ्या कुठल्यातरी पिवळ्या चौकोनात. आपली सहा महिन्यांची रिकामी मिनिटंसुद्धा अशीच कोणीतरी पिवळी करून ठेवली आहेत, असं तिला वाटायचं. वाया. पण ती रिकामी नसती तर ती कधी टाकीपाशी गेली नसती. एवढंच तिच्या लक्षात आलं, आणि त्याने काही फार मोठा उजेडबिजेड पडला नाही. फक्त घशातली गोळी खाली उतरली, चहाबरोबर उतरते तशी. तिने लिहिलं:

तेवीस नंबरचे अकरा ही चूक आहे. ती मी केली, दोन वर्षांपूर्वी, चोवीसचा आकडा वरच्या ओळीत टाकून. ती तशीच ठेवावी. टाकीजवळच्या धुलाई कारखान्याची पाळी तीन पंधराला सुटते. चार मिनिटांच्या विसाव्याने बस तीन बाराला निघते, अकराने तीन एकोणीसला. मध्ये सात-आठ बायका आहेत. जाऊन पाहिलं.

पाठवून टाकलं आणि आईला हाक मारली. "झाली परीक्षा."

"कशी गेली?"

"एक उत्तर मुद्दाम वेगळं लिहिलंय."

"होतीसच तू तशी," आई म्हणाली. "चौथीत गायीच्या निबंधात कुत्रा लिहून आलेलीस. कुत्रा चांगला लिहिला होतास मात्र."

फोन पुढच्या बुधवारी आला, तेव्हा ती नऊ नंबरमध्ये, मागून दुसऱ्या सीटवर होती. पलीकडचा माणूस तिच्याच वयाचा वाटत होता आणि सर्दी झालेला.

"तुम्ही परीक्षेच्या उत्तरात स्वतःची चूक लिहून दिलीत," तो म्हणाला. "असं कोणी करत नाही."

"हो."

"आम्हाला कळलीही नसती."

"हो. यंत्राला फक्त पिवळं दिसतं."

तो शिंकला किंवा हसला. "तेवीस आम्ही आहे तसाच ठेवतोय. तुमचं अजून ठरलेलं नाही. बाकीच्या तिघांचे आकडे तुमच्यापेक्षा चांगले आहेत, हे आधीच सांगतो. पण मला एक विचारायचंय. त्या दहांपैकी आणखी किती ठिकाणी तुम्ही स्वतः गेलात?"

"आणखी दोन."

"आणि उरलेले सात?"

"आत्ता एकावर आहे," ती म्हणाली. "पुलावर. दोन मिनिटं उशीर आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "सोमवारी दहाला येऊ शकाल? नक्की काही म्हणत नाहीये मी. पण या. जे बघाल ते लिहून आणा."

तिने फोन खिशात ठेवला. पुलाखाली पाणी होतं, पाण्यावर ऊन, आणि छपरांच्या पलीकडे कुठेतरी एक तिसऱ्या मजल्याची खिडकी असणार, फटीत पट्टी अडकवलेली. तिने उगाचच हात हलवला. समोरच्या सीटवरच्या बाळाला वाटलं आपल्यालाच, आणि त्याने उलट हात हलवला. बस पूल उतरून तिने कधी न पाहिलेल्या रस्त्याला लागली. शेवटचा थांबा अजून एकवीस मिनिटांवर होता.

तेवीसचं ते पान छापायला जायच्या आदल्या शनिवारी, दोन वर्षांपूर्वी, पट्टीवाल्या बाई एकट्याच टाकीपर्यंत गेल्या होत्या. तीन बाराची बस त्यांनी जाऊ दिली आणि तीन एकोणीसपर्यंत बाकावर बसून राहिल्या.